रान राखणाऱ्याचं देणं

२०२५ च्या ‘बेस्ट ऑफ पनामा’ लिलावात न भाजलेली एक कॉफी किलोला ३०,२०४ डॉलरने गेली. म्हणजे जवळपास २६ लाख रुपये. एका कपाला १५ ग्रॅम धरली, तरी नुसत्या बियांचेच चाळीसेक हजार होतात. ‘पैसेवाल्यांचे चोचले’ म्हणून पुढे स्क्रोल करता येतं. मला मात्र एक प्रश्न सोडत नाही: या किमतीत कुणाकुणाच्या कष्टांचा मोबदला आहे आणि कुणाच्या नाही?

या कॉफीचं वाण गेशा. ती पिकली पनामातल्या ‘हासिएंदा ला एस्मेराल्दा’ या मळ्यात. बोकेतेच्या डोंगरांत थंडाव्यामुळे फळ सावकाश पिकतं, चव दाट होते. मळ्याच्या मालकांनी, पीटरसन कुटुंबाने, जमिनीच्या एकेका तुकड्यावरची कॉफी वेगवेगळी चाखून पाहिली आणि उंचावरच्या काही झाडांत जाईच्या फुलांसारखा सुगंध सापडला. २००४ साली ती पौंडाला २१ डॉलरने विकली गेली, तेव्हा तोही विक्रम होता. त्याआधी हे वाण पनामात कित्येक वर्षं होतंच. पण फांद्या पटकन मोडतात, म्हणून शेतकऱ्यांना ते फारसं आवडत नसे.

हे बियाणं मूळचं इथिओपियातलं. १९३० च्या दशकात तिथल्या जंगलातून ते गोळा झालं, टांझानियातल्या ल्यामुंगू संशोधन केंद्रात गेलं, १९५३ मध्ये मध्य अमेरिकेत पोचलं आणि तांबेऱ्यासमोर तग धरतं म्हणून १९६० च्या दशकात पनामात वाटलं गेलं. आज त्याच्या लिलावातला एक पैसाही त्या जंगलाकडे परत जावा, अशी व्यवस्था नाही.

ही चोरी म्हणायची का? मला तसं म्हणता येत नाही. बाबा बुदन यांनी मोखाहून सात बिया लपवून चंद्रगिरीच्या डोंगरात आणल्या, ही कथा आपण कौतुकाने सांगतो. मिरची अमेरिका खंडातून आली नसती, तर ठेचा कशाचा केला असता? बियाणं फिरतच आलंय. शिवाय ते नेल्याने मूळ झाड उणं होत नाही. पीटरसन कुटुंबाची चिकाटीही खरी आहे. जैविक संपत्तीच्या लाभात वाटा देण्यासाठी २०१० साली नागोया करार झाला, पण नव्वद वर्षांपूर्वी नेलेल्या बियाण्याचा हिशेब त्याने कसा लावायचा?

म्हणून जुन्या बियाण्याची किंमत मागण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. देणं आहे ते पुढचं. जगात कॉफीच्या १२४ रानटी जाती आहेत आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार त्यांतल्या किमान ६० टक्के धोक्यात आहेत. रानातली अरेबिकासुद्धा त्यांत आहे. उद्या नवा रोग आला, ऊन वाढलं, तर तग धरणारं झाड शोधायला माणसं पुन्हा त्याच रानात जातील. तोवर ते रान उभं कुणी ठेवायचं? त्याच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्याने. झाडं तोडून मका लावला, तर त्याच्या घरात यंदाच धान्य येतं. न तोडलेल्या झाडाची पावती कुणी फाडत नाही.

मी विकत घेतो त्या पाकिटावर शेताचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, वाण, कधी शेतकऱ्याचा फोटोही असतो. मधला दलाल टाळून थेट शेतकऱ्याकडून घेतलेली कॉफी, हे वाचून मला बरं वाटतं, आणि त्यात खोटं काही नाही. पिकवणाऱ्याला चार पैसे जास्त मिळतात. पण ही सगळी नीती विक्रेत्यापाशी येऊन थांबते. ज्याच्याकडे विकायला माल आहे, त्याच्याशीच आपण न्यायाने वागू शकतो. रान राखणारा काहीच विकत नाही, म्हणून तो हिशेबातच येत नाही.

याला दान म्हणू नये. ही राखणीची मजुरी आहे. गावात पिकाच्या राखणदाराला सुगीला वाटा देताना ‘तू काय विकलंस?’ असं कुणी विचारत नाही. गेशाच्या प्रत्येक लिलावातून शेकडा एक रुपया जरी इथिओपियातल्या त्या रानाकाठच्या गावांना बांधून दिला, तरी २६ लाखांची कॉफी पिणाऱ्याला तो जाणवणारही नाही. पाकिटावर तशी एक ओळ छापलेली दिसली, तर माझ्या साध्या कॉफीलाही मी तो रुपया देईन.