माफीच्या साक्षीदाराला जे ठाऊक नसतं

गडहिंग्लजला मध्यंतरी झालेल्या एका व्याख्यानात सिनेमाच्या एका अभ्यासकांनी ठणकावून सांगितलं, की खूनसत्राच्या तपासावर मराठीत धड सिनेमाच झालेला नाही. राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६) त्यांनी ‘पडद्यावरचं आरोपपत्र’ म्हणून निकालात काढला. खुन्याच्या मनात शिरत नाही तो कसला थरारपट, असा त्यांचा सवाल होता. सभागृहाने टाळ्या दिल्या. मला तो निवाडा मान्य नाही. सिनेमा पुन्हा पाहिल्यावर तर मुळीच नाही.

सिनेमामागची हकिगत सर्वांना ठाऊक आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातल्या राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा या चौघांनी दहा जीव घेतले. अंधार पडला की पुण्याचे रस्ते ओस पडत. तो आणीबाणीचा काळ होता. कुणालाही चौकशीविना तुरुंगात डांबायची मुभा सरकारला होती, आणि तरी ही मुलं कॉलेजच्या आवारात मोकळी हिंडत होती. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघे फासावर गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी सिनेमा आला आणि नाना पाटेकरांनी त्यातला म्होरक्या उभा केला.

आता ‘खुन्याचं मन’. व्याख्यात्यांचा आदर्श होता अनुराग कश्यप यांचा ‘रमन राघव २.०’ (२०१६). तिथे खुनी काळोखाचा तत्त्वज्ञ होऊन बोलतो आणि पोलीस त्याचा जुळा भाऊ ठरतो. पण जक्कलच्या टोळीत असलं कुठलं गूढ होतं? घरात शिरायचं, ऐवज गोळा करायचा आणि ओळखणारा कुणी मागे ठेवायचा नाही. एवढंच. या क्षुद्रपणाला खोली बहाल करणं म्हणजे मेलेल्यांवर दुसरा अन्याय करणं. राजदत्तांनी तो केला नाही, आणि मी त्याला कलेतली उणीव मानत नाही.

उलट त्यांनी शीर्षकातच नेमक्या जागी बोट ठेवलं. तालुक्याच्या कोर्टात उभं राहणाऱ्या माझ्यासारख्या वकिलाला तपास कसा पुढे सरकतो ते रोज दिसतं. एकट्या अधिकाऱ्याच्या बुद्धीने फार थोडी प्रकरणं उलगडतात. पुष्कळदा आतला माणूस बोलतो तेव्हा दार उघडतं. पुण्यात आरोपींचाच एक वर्गमित्र बोलला. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०६ अशा साथीदाराला माफी देऊ करत होतं, पण एका अटीवर: ठाऊक असलेलं सगळं, खरं आणि काहीही हातचं न राखता सांगायचं. तो जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत कोठडीतच राहतो. हातचं राखलं किंवा खोटं बोलला, तर माफी जाते आणि मूळ गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला उभा राहू शकतो. त्याच्या एकट्याच्या शब्दावर विसंबू नये, स्वतंत्र पुरावा शोधावा, हा न्यायालयांचा जुना दंडक. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने तर पुष्टीची ही गरज कलम १३८ मध्येच लिहून टाकली.

हा सौदा नीतीला धरून आहे का? साथीदार सुटतो, बाकीचे लटकतात, हे बोचतंच. तरी मी त्याच्या बाजूने उभा राहीन, आणि त्याचं कारण पुण्यात नाही, आमच्या जिल्ह्यात आहे. १९९६ मध्ये कोल्हापूर पोलिसांनी अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांना पकडलं. जत्रा, देवळं, एसटी स्टँड ही त्यांची चोरीची ठिकाणं, आणि पळवलेली मुलं ही त्यांची ढाल. गडहिंग्लजच्या काळभैरीच्या यात्रेला पोराचं मनगट घट्ट धरून डोंगर चढणाऱ्या आया आम्ही पाहिल्या आहेत. त्या खटल्यात रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. तो बोलला नसता तर कित्येक मुलांचं काय झालं, हे सांगायला कुणी उरलंच नसतं.

इथपर्यंत माझा पक्ष पक्का होता. पण दुसऱ्यांदा सिनेमा पाहताना एक गोष्ट सलू लागली, आणि तिच्यामुळे मी राजदत्तांची बाजू पूर्ण घेऊ शकत नाही. माफीचा साक्षीदार मेलेल्या माणसाला फक्त त्याच्या शेवटच्या तासापुरता ओळखतो. दोरी कुणी धरली, बोळा कुणी कोंबला, हे त्याला ठाऊक असतं. तो माणूस त्या सकाळी काय करत होता, ते ठाऊक नसतं. आणि त्याच्या जबानीवर उभा राहिलेला सिनेमा हे अज्ञानही वारशाने घेतो.

१ डिसेंबर १९७६ रोजी भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात घरातल्या इतर चौघांसह मारले गेलेले काशिनाथशास्त्री अभ्यंकर कोण होते? त्यांचा संस्कृत व्याकरणाचा कोश १९६१ मध्ये बडोद्याहून निघाला. पाणिनीच्या परंपरेतल्या संज्ञा उलगडायला अभ्यासक आजही तो उघडतात. वडील वासुदेवशास्त्रींनी पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं आणि मुलाने त्याला अख्खा प्रस्तावनाखंड जोडला. दोन पिढ्यांनी मराठीला दिलेलं हे धन. आज मात्र जक्कलचं नाव शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, आणि अभ्यंकर म्हटलं की फक्त खून आठवतो.

कोल्हापुरात तर याहून वाईट. गावित मायलेकींनी १९९० मध्ये पळवलेला संतोष हा भीक मागून जगणाऱ्या बाईचा मुलगा. महालक्ष्मीच्या देवळात चोरी अंगाशी आली तेव्हा लोकांचं लक्ष उडवण्यासाठी अंजनाबाईने त्याला जमिनीवर आपटलं, आणि पुढे मारून टाकलं. त्याच्या आईवर कुणी सिनेमा काढला नाही. या प्रकरणावरचा ‘पोशम पा’ (२०१९) पुन्हा त्या तिघींभोवतीच फिरतो. जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने दयेच्या अर्जांवर झालेल्या दिरंगाईमुळे दोघी बहिणींची फाशी जन्मठेपेवर आणली, तेव्हाही चर्चा त्या दोघींचीच झाली.

म्हणून व्याख्यात्यांना माझं उत्तर असं: तुम्हाला नवा सिनेमा हवा आहे, मलाही हवा आहे. पण तुम्ही कॅमेरा खुन्याच्या डोक्यात घालायला निघालात. तो अभ्यंकरांच्या टेबलावरच्या मुद्रितांपाशी न्या, संतोषच्या आईने पोर शोधत घातलेल्या फेऱ्यांपाशी न्या. त्यासाठी कुठल्याही आरोपीला माफी द्यावी लागणार नाही. ग्रंथालयात बसावं लागेल आणि महालक्ष्मीच्या दारात भीक मागत म्हाताऱ्या झालेल्या बायकांशी बोलावं लागेल.