धर्माची गाय आणि चार जीबी

जुन्या वस्तूचं करायचं काय, हा प्रश्न आपल्या आजी-आजोबांना फारसा पडला नसावा. लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पायपुसणं व्हायचं, आणि पायपुसणं नेमकं कधी संपलं हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. पितळेचं पातेलं गळायला लागलं की ते मोडीत घालायचं, वजनाचे पैसे वळते करून घ्यायचे आणि नवं आणायचं. सगळा व्यवहार कसा सरळ होता. वस्तूला बालपण, तारुण्य, वार्धक्य आणि पायपुसणं अशा चार अवस्था होत्या आणि त्या वेळच्या वेळी येत.

संगणकाने ह्या व्यवस्थेची पार वाट लावली. एक तर त्याची गोधडी होत नाही. दुसरं म्हणजे तो म्हातारा झाला हे ओळखायचं कसं, तेच कळत नाही. चपलेची टाच झिजते, छत्रीची काडी मोडते, माणसाचे केस पिकतात, नाहीतर जातात. संगणक मात्र पहिल्या दिवशी जसा काळा डबा असतो, तसाच दहा वर्षांनंतरही काळा डबाच असतो. फक्त सुरू व्हायला वेळ लावतो. आमचा २०१४ साली घेतलेला. सुरुवातीला बटण दाबून मी चष्मा पुसेपर्यंत तो कामाला हजर असे. पुढे पुढे बटण दाबून चहा टाकायचा, गाळायचा, प्यायचा, कपबशी विसळून ठेवायची आणि मग बाहेर येऊन बघायचं, अशी पद्धत पडली.

तेव्हा, आहे त्यालाच डागडुजी करून वाढवायचा की सरळ नवा घ्यायचा, हा विषय घरात निघाला. वरवर बघता हा खिशाचा प्रश्न. पण त्यात शिरल्यावर माझ्या लक्षात आलं, की हा पंचांग, वेदान्त आणि धर्मशास्त्र ह्या तिघांचा मिळून प्रश्न आहे.

पंचांगापासून सुरुवात करतो. एके दिवशी सकाळी आमचा संगणक एकदम दहा-बारा वर्षं मागची तारीख दाखवायला लागला. म्हातारपणी माणसं जुन्या काळात रमतात हे मला ठाऊक होतं, पण ह्याने तर बँकेचं कामच अडवलं. बँकेचं पान उघडेना. कारण प्रत्येक पानाला ओळखपत्र असतं आणि त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, असं लिहिलेलं असतं. संगणकाच्या हिशेबाने ते ओळखपत्र अजून जन्मालाच यायचं होतं! दुरुस्ती करणारा मुलगा आला, त्याने डबा उघडला आणि आतून रुपयाएवढा एक चपटा सेल काढून दुसरा बसवला. वीज बंद असताना घड्याळ चालतं ठेवणं, एवढंच त्या सेलचं काम. तारीख जागेवर आली. खर्च म्हणाल तर दोन वडापावांचा.

पण जाता जाता तो म्हणाला, "काका, आता नवाच घ्या."

"का? काय मोडलंय?"

"मोडलं काहीच नाही. जुना झालाय."

आता वेदान्त इथेच सुरू होतो. मोडलं काहीच नाही आणि तरी जुना झाला, म्हणजे काय झालं? मुलगा सज्जन होता. त्याने मला सगळं समजावून सांगितलं. मी ते सोयीसाठी स्वयंपाकघरात नेऊन समजून घेतलं, ते असं. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. रॅम म्हणजे तिच्यासमोरचा ओटा. हार्ड डिस्क म्हणजे मागची कोठीची खोली. ह्या कोठीत एक तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा गरगरत असते आणि एक काटा तिच्यावर पुढेमागे होत हवा तो डबा शोधत असतो. आमचा ओटा ४ जीबीचा. पूर्वी तो ऐसपैस होता. आता त्यावर चार डबे मांडले की पाचव्याला जागा नाही. मग पहिला डबा कोठीत ठेवा, पाचवा आणा, पहिला लागला की पुन्हा कोठीत जा. बाईचा हात पूर्वीइतकाच चपळ आहे. तिचा दिवस येरझारांत जातो.

ओटा लहान झाला नाही, स्वयंपाक वाढला. केवढा वाढला? १९९५ साली विंडोज ९५ आलं तेव्हा त्याला कमीत कमी ४ मेगाबाइट रॅम लागत असे. २०२१ साली विंडोज ११ आलं, त्याला कमीत कमी ४ गिगाबाइट. म्हणजे हजारपटीहून थोडं जास्तच. ह्या सव्वीस वर्षांत माझं लिखाण हजारपट वाढलं म्हणावं, तर तेही नाही. तेव्हाही मी सोसायटीच्या सेक्रेटरींना गच्चीवरची टाकी गळते असं पत्र लिहीत होतो, आताही तेच लिहितो. (टाकीही तीच.) पास्कल ही संगणकाची भाषा तयार करणाऱ्या निक्लाउस विर्थ नावाच्या स्विस प्राध्यापकांनी १९९५ सालीच ह्या दुखण्यावर बोट ठेवलं होतं. यंत्रं जितक्या झपाट्याने वेगवान होतात, त्याहून अधिक झपाट्याने त्यांवर चालणारी सॉफ्टवेअरं सुस्त होत जातात, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. आमच्याकडे ह्याला पगार वाढणे आणि महागाई वाढणे म्हणतात.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ह्या दिवशी विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबली. कंपनीने हे पुष्कळ आधी जाहीर केलं होतं आणि २०१५ पासून दहा वर्षं म्हणजे काही थोडीथोडकी सेवा नव्हे. तेव्हा तिला बोल लावण्यात अर्थ नाही. पण देखभाल नाही म्हणजे चोराचिलटांपासून राखण नाही. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाचा, कुलपाकिल्ल्या सांभाळणारा भाग लागतो, तो आमच्या डब्यात नाही. थोडक्यात, आमचा संगणक नापास झाला नव्हता, वयोमर्यादेनुसार सेवानिवृत्त झाला होता. सेवानिवृत्ती हा काय प्रकार असतो हे मला समजावून सांगायची गरज नाही. ३१ तारखेला संध्याकाळी ज्याच्यावाचून कचेरीचं पान हलणार नाही असं भाषणात सांगतात, त्याच्यावाचून १ तारखेला सकाळी दहाला कचेरी अगदी सुरळीत उघडते.

मुलाने दुसरा मार्गही सांगितला. गरगरणारी तबकडी काढून तिच्या जागी एसएसडी बसवायची. तिच्यात फिरणारं काही नाही, काटा नाही, शोधाशोध नाही. ओटा ४ चा ८ जीबी करायचा. पंख्यातली धूळ झाडायची. आणि विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं, ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही बिचारं तक्रार न करता चालतं. सगळा खर्च नव्या संगणकाच्या सातव्या-आठव्या हिश्शात.

"पण मग त्यात जुनं राहिलं काय?" मी विचारलं.

ह्या प्रश्नावर तो मुलगा हसला, पण मिलिंद राजा हसला नव्हता. 'मिलिंदपन्ह' ह्या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन त्याला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ कुठला ते दाखव. चाक म्हणजे रथ का? नाही. आस? नाही. जू? नाही. सगळ्यांची जी जुळणी, तिला आपण रथ म्हणतो, इतकंच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे महाविद्यालय काढलं त्याला ह्याच राजाचं नाव आहे आणि परिसराला नागसेनवन म्हणतात. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला द्यावं, ह्यासारखं औचित्य नाही. तेव्हा तबकडी, रॅम, विंडोज सगळं बदललं तरी आमचा संगणक तो आमचाच. वेदान्त नव्हे, बौद्ध दर्शन म्हणायला हवं हे. पण गाठ सुटली, ह्याच्याशी मतलब.

खरी अडचण धर्मशास्त्राची निघाली. आमचे एक शेजारी आहेत, ते सबंध सोसायटीला विनामूल्य सल्ला पुरवतात. ते म्हणाले, "इतका विचार कसला करताय? नवा घ्या. हा कामवाल्या मावशींच्या मुलीला देऊन टाका. ती म्हणे कॉम्प्युटर सायन्सला गेलीय. तेवढंच पुण्य. नाहीतर आहेच भंगारवाला."

भंगारवाला ह्या शब्दाने वस्तू नाहीशी होते असा आपला समज आहे. २०२२ साली जगभरात सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला जेमतेम पाव हिस्साही रीतसर मार्गी लागल्याची नोंद नाही. उरलेला कुठेतरी कुणीतरी उघड्या हातांनी फोडतो, वायरी जाळून तांबं काढतो आणि तो धूर घेतो. म्हणजे आपण टाकतो, तेव्हा फक्त आपल्या घरातून टाकतो. तो मार्ग बाद.

राहता राहिलं पुण्य. मावशींची मुलगी संगणक बघायला आली. तिने नमस्कार केला, डब्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "काका, रॅम किती आहे ह्यात?"

"चार जीबी."

ती गप्प झाली. मावशी मात्र कानकोंड्या होऊन म्हणाल्या, "गप गं. धर्माची गाय आन् दात का गं न्हाय, असं इचारतंय का कोन?"

म्हण जुनी आहे. पण ती कुणी केली असेल, ह्याचा मी विचार करू लागलो. गाय घेणाऱ्याने की देणाऱ्याने? मला दाट संशय आहे, देणाऱ्याने. कारण ह्या म्हणीहून जुनी एक गोष्ट कठोपनिषदात आहे. नचिकेताच्या वडिलांनी सर्वस्व देण्याचा यज्ञ मांडला आणि दानात कसल्या गाई काढल्या? ज्यांचं शेवटचं पाणी पिऊन झालंय, शेवटचा चारा खाऊन झालाय, दूध आटलंय, अशा. पोराने ते पाहिलं आणि अशा दानाने काय गती मिळणार, ह्या विचाराने ते अस्वस्थ झालं. मग बाबा, मला कुणाला देणार, असं ते विचारत राहिलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर वडील भडकले आणि म्हणाले, यमाला. घरातल्या हिशेबतपासनिसाची बदली इतक्या लांब त्यानंतर कुणी केली नसेल! पण ध्यानात घ्या, नचिकेताने दात मोजले ते घेणाऱ्याच्या बाजूने नव्हे, देणाऱ्याच्या घरात बसून मोजले. दात मोजायचे तर ते तिथेच.

"आपल्याला चालत नाही म्हणून आपण नवा घेणार ना?" सौ.ने रात्री विचारलं. "मग आपल्याला जे पत्राला नि बँकेच्या पुस्तकाला चालत नाही, ते तिला प्रोग्रॅमिंगला कसं चालेल हो? आणि तो एवढा डबा नि पडदा ठेवणार कुठे? त्यांच्याकडे टेबल तरी आहे का?"

टेबल नव्हतंच. एका खोलीत चार माणसं. ओट्याशेजारच्या एकुलत्या एका पॉइंटवर मिक्सर, इस्त्री आणि मोबाइल पाळीपाळीने लागत होते.

मी कचेरीतली आठवण काढली. नवा संगणक आला की तो आधी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये जायचा. साहेब त्यावर पत्ते खेळायचे. साहेबांचा जुना छोट्या साहेबांकडे, त्यांचा हेडक्लार्ककडे, आणि सगळ्यांत थकलेला डबा दिवसभर टायपिंग करणाऱ्या मुलीसमोर. काम जितकं जास्त, तितकं यंत्र जुनं, असा नियमच होता. घरोघरी तरी दुसरं काय चालतं? नवं ते वडीलधाऱ्याला, उतरलेलं ते धाकट्याला. लुगड्याच्या गोधडीला हे शोभत होतं, कारण ऊब गोधडीतही तीच असते. शिकणाऱ्या पोरीला उतरलेलं यंत्र दिलं, तर आपण तिला यंत्र देत नाही, तिच्या येरझारा वाढवून देतो.

मग आम्ही वाटणी उलटी केली. जुन्याची डागडुजी करून तो मला. माझ्या टाकीच्या पत्राला तो पुरून उरतो. नव्यासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून तिच्या कामाला पुरेल असा लॅपटॉप तिला. मांडीवर बसेल, टेबल मागणार नाही. माझ्या पुण्याचा हिशेब मात्र मावशींनी होऊ दिला नाही. "फुकट नको काका. महिन्याला पाचशे कापा," म्हणाल्या आणि ऐकेनात. तेव्हा ह्यात दान नाही, धर्म नाही, गायही नाही. साधा बिनव्याजी व्यवहार आहे, आणि सौ.च्या मते त्यामुळेच तो बरा आहे.

शेजाऱ्यांना हे पटलेलं नाही. इतक्या चांगल्या लॅपटॉपची तिला काय गरज होती, असं ते जिन्यात भेटले की विचारतात. मी त्यांना त्यांच्या संगणकावर काय चालतं ते विचारलं. ते पत्ते खेळतात.

परवा ती मुलगी आली होती. माझ्या संगणकासमोर बसून तिने बटण दाबलं. तो ताबडतोब उघडला.

"काका, आता किती केलीत?"

"आठ. तुझ्यात?"

"सोळा," ती म्हणाली आणि थोडी संकोचली. मग म्हणाली, "लिनक्स आम्हाला ह्याच सेमला आहे. अडलं तर मला हाक मारा."