चांगली कोंबडी कोणती?

घरी अंड्यांसाठी कोंबड्या पाळायच्या तर कोणती जात चांगली, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. रानातली लाल कोंबडी वर्षाला १०-१५ अंडी देते. आपली गावठी कोंबडी ६० ते ८०. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेली वनराजा शंभराच्या आसपास, आणि त्याच संस्थेची ग्रामप्रिया दीडशेच्या वर. व्हाइट लेगहॉर्नच्या वंशातल्या, पिंजऱ्यांसाठी घडवलेल्या कोंबड्या ३०० च्या पुढे जातात. एवढे वाचल्यावर विचार करायला काही उरत नाही असे वाटते. शेवटची ओळ उचलावी आणि पिल्ले मागवावीत.

आमच्या घरमालकीणबाईंनी हा प्रश्न मला विचारला, कारण मी पोटासाठी वाचते, म्हणजे मला सगळे माहीत असणार असा त्यांचा समज आहे. मी त्यांना अक्का म्हणते. ताम्बरमच्या पलीकडे त्यांचे जुने बैठे घर आहे, मागे विहीर आणि शेवगा आहे, आणि नातवंडांना घरची अंडी मिळावीत अशी त्यांची इच्छा आहे. सहा कोंबड्या पुरेत, असे त्यांनी ठरवले होते. जात तेवढी ठरायची होती.

मी माहिती काढू लागले तेव्हा आधी नावांनीच मला थांबवले. लेगहॉर्न हे इटलीतल्या लिव्होर्नो बंदराचे इंग्रजांनी केलेले रूप. पक्ष्याला त्याच्या गावाचे नव्हे, जहाजात चढवलेल्या धक्क्याचे नाव मिळाले. मी मेट्रोने ज्या नंदनमवरून जाते, त्या नंदनमच्या नावाचीही कोंबडी आहे. तिथल्या कुक्कुट संशोधन केंद्रात ती तयार झाली. परसातल्या पालनासाठी आपल्या संस्थांनी वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराजा, निर्भीक अशी भारदस्त संस्कृत नावे ठेवली. पिंजऱ्यातल्या कोंबडीचे नाव मात्र बीव्ही-३००. जिची अंडी मोजायची तिला क्रमांक, आणि जी दारात फिरणार तिला नाव.

देशी कोंबडीला तमिळमध्ये नाट्टुक्कोऴि म्हणतात, म्हणजे 'नाडु'ची, मुलखाची कोंबडी. आपण गावठी म्हणतो, गावाची. दोन्ही शब्द ती कुठली ते सांगतात, किती देते ते सांगत नाहीत.

मग 'चांगली' म्हणजे काय? पीटर गीच या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५६ साली एका छोट्या लेखात दाखवले की 'चांगले' हे विशेषण 'लाल'सारखे वागत नाही. लाल कोंबडी हा लाल पक्षीही असतोच. पण चांगला चोर हा माणूस असला, तरी तेवढ्यावरून तो चांगला माणूस ठरत नाही. 'चांगले' हे पुढच्या नामाला धरून अर्थ घेते. नाम बदलले की अर्थ बदलतो. कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत नेमके हेच होते. 'चांगली कोंबडी' या शब्दांमागे 'चांगली अंडी देणारी' असा अर्थ असतो. नाम हळूच बदलले जाते आणि वाचणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

बदललेले नाम शोधायला एक शब्द उपयोगी पडतो : खुडूक. अंड्यांवर बसायची ओढ लागली की कोंबडी खुडूक होते. ती अंडी द्यायचे थांबते, २१ दिवस बसते, पुढे काही आठवडे पिल्ले सांभाळते. अंड्यांच्या हिशेबात हा सगळा काळ तोट्याचा. म्हणून जास्त अंड्यांसाठी निवड करताना माणसाने पिढ्यान्‌पिढ्या ही ओढच काढून टाकली. लेगहॉर्न सहसा खुडूक होत नाही. तिची अंडी यंत्रात उबवावी लागतात. उलट असील अंडी थोडी देते, पण बसते जिद्दीने. कोंबडी म्हणून काय चांगले, असे विचारले तर पिल्ले काढणारी आणि घारीवर धावून जाणारी कोंबडी पुढे येईल. अंड्यांचा रतीब म्हणून विचारले तर हाच गुण दोष ठरतो.

मराठीतल्या 'खुडूक' शब्दात मला थोडी तक्रार ऐकू येते. खुडूक कोंबडीला पाण्यात बुचकळून काढणारी घरे आपल्याकडे आहेत. तमिळमध्ये तिच्या बसण्याला अडैकात्तल म्हणतात. त्यातल्या 'कात्तल'चा अर्थ राखणे, रक्षण करणे. आणि आपण 'उबवणे' म्हणतो, त्यात ऊब आहे. एकाच कृतीला एका शब्दात राखण, दुसऱ्यात ऊब, तिसऱ्यात खोळंबा. तिन्ही खरे आहेत. जात निवडताना यांतला कोणता शब्द आपण धरतो, एवढाच प्रश्न असतो.

जास्त अंड्यांची किंमत कोंबडीच्या शरीरातूनही जाते. एका अंड्याच्या कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते. कोंबडीच्या सबंध सांगाड्यात ते सुमारे २० ग्रॅम असते. वर्षाला ३०० अंडी म्हणजे ६०० ग्रॅम. तीस सांगाड्यांइतके कॅल्शियम एका वर्षात तिच्यातून जाते. खाद्यातून भर घातली तरी हाडांतून उचल होतेच, आणि छातीचे हाड मोडणे हे अशा कोंबड्यांचे नेहमीचे दुखणे आहे. चेन्नईच्या मे महिन्यात, ज्याला इथे कत्तिरी वेयिल म्हणतात त्या उन्हात, आणखी एक गोष्ट होते. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून अंग निववते. धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवच पातळ होते.

हे सगळे सांगून झाल्यावर अक्का म्हणाल्या, ''ठीक आहे मा, नाट्टुक्कोऴि घेऊ. पण सेवलचं काय करायचं?''

सेवल म्हणजे कोंबडा. खरा प्रश्न त्यांनी विचारला होता.

अंड्यातून निघणाऱ्या पिल्लांत निम्मे नर. मी मांस खात नाही, अंडी खाते. माझ्यासारखी माणसे महाराष्ट्रात आणि इथेही पुष्कळ आहेत. आमच्यात एक जुना वाद चालतो की अंडे शाकाहारी की मांसाहारी, आणि त्याचे उत्तर आम्ही अंड्याच्या आत शोधतो. कोंबड्याविना झालेल्या अंड्यात जीव नसतो, म्हणून ते चालते. हे खरे आहे, पण जीव चुकीच्या जागी शोधणे आहे. मरण अंड्यात नसते. ते अंडे देणाऱ्या कोंबडीला एक भाऊ होता. अंड्यांच्या जातीचा नर अंडे देत नाही आणि मांसही त्याच्यावर फारसे चढत नाही, म्हणून उबवणी केंद्रात त्याला पहिल्याच दिवशी मारले जाते. जगभरात अशा पिल्लांची संख्या वर्षाला अब्जांत जाते. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून ही प्रथा कायद्याने बंद केली. तिथे आता अंड्यातच लिंग ओळखण्याची तंत्रे वापरतात.

परसातल्या गावठी कोंबडीचा नर तरी सुटतो का? नाही. पाच-सहा महिन्यांनी तो पहाटे चारला आरवू लागतो, शेजारी तक्रार करतात, कोंबडे आपसात झुंजतात. शेवटी कोणीतरी सुरी काढते. म्हणजे माझ्या ताटात अंडे आहे तोवर कुठेतरी कोंबडा मरणारच, जात कोणतीही असो. मग निवडीला अर्थ काय?

मला दोन अर्थ दिसतात. पहिला, मधल्या सहा महिन्यांचा. मातीत अंग घुसळणे, उकिरडा उकरणे, उन्हात पंख पसरून पडणे. मरण सारखे असले म्हणून जगणे सारखे होत नाही. दुसरा अर्थ आपल्यापुरता. उबवणी केंद्रातून फक्त तलंगा आणल्या की त्यांच्या भावांचे काय झाले हे घरात कुणाला कळावे लागत नाही. नुसते दिसण्याने माणूस सदय होतो असे नाही. रोज पाहणारेही निबर होतात. पण जे दिसतच नाही त्याची जबाबदारी घेताच येत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. तमिळनाडूने शाळेच्या जेवणात १९८९ पासून अंडे दिले. सुरुवातीला पंधरवड्याला एक, आता शाळेच्या दिवशी रोज. लाखो मुलांच्या ताटातले हे अंडे नामक्कलच्या पिंजऱ्यांतून येते. तिथे कोंबडीच्या वाट्याला येणारी जागा माझ्या टेबलावरच्या ए-फोर कागदापेक्षाही कमी असते. आपल्या विधी आयोगाने २०१७ च्या २६९ व्या अहवालात या पिंजऱ्यांचा विचार केला आहे. पण ७० अंडी देणाऱ्या कोंबडीवर ती शाळा चालणार नाही. ज्या मुलाला दिवसातले एकमेव चांगले प्रथिन त्या अंड्यातून मिळते, त्याच्यासमोर गावठीचे गुणगान करणे हे पोट भरलेल्या माणसाचे बोलणे आहे. पिंजरा सुधारावा असे मी म्हणेन. अंडे काढून घ्यावे असे म्हणणार नाही.

मात्र त्या मुलाची गरज मला उसनी घेता येत नाही. गरजेने जे क्षम्य ठरते ते हौसेने ठरत नाही. अक्कांच्या सहा कोंबड्यांनी वर्षाला ७० च्या हिशेबाने ४२० अंडी दिली, तरी ती रोज एकाहून थोडी जास्त होतात. दोन नातवंडे रोज अर्धे-अर्धे खातील. सहा लेगहॉर्न १८०० देतील, रोज पाच, आणि आम्ही ती गल्लीत वाटत बसू. 'कोणती जात जास्त देते' या प्रश्नाआधी 'आपल्याला किती हवीत' हा प्रश्न यायला हवा. तो आला की यादीतली शेवटची ओळ आपोआप गळते.

अक्कांनी पाच नाट्टुक्कोऴि आणि एक सेवल आणला. मानमोडीची लस टोचून घेतली. वाढलेले कोंबडे विऴुप्पुरमजवळच्या त्यांच्या भावाकडे जातील, आणि तिथे ते कापले जातील, हे त्यांनी नातवंडांना आधीच सांगितले. थोरल्याने दोन दिवस अंडे खाल्ले नाही, तिसऱ्या दिवशी खाल्ले. मीही खाते. कोंबडीचे मांस मी खाणार नाही, पण माझे अंडे निर्मळ आहे असेही म्हणणार नाही. माझ्या मते घरासाठी चांगली जात तीच, जिच्या अंड्यांपासून भावांपर्यंतचा सगळा हिशेब घरातल्या मुलांसमोर मांडता येईल.