पहिल्या शिकारीचा बेत

शिकार नेमकी कधी सुरू होते? बार उडतो तेव्हा, की त्याच्या कितीतरी दिवस आधी, घरात बसून बेत आखला जातो तेव्हा? शिकार हलाल की हराम, हे आपल्याकडे पुष्कळ विचारले जाते. आम्हाला हा दुसरा प्रश्न अधिक अवघड वाटतो. इस्लाममध्ये अमलाचे मोल नियतीवर ठरते, आणि नियत बेतातच दिसते.

सिरोंचा हा प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमावरचा तालुका. नदीपलीकडे काळेश्वर. १८६० साली इंग्रजांनी अप्पर गोदावरी जिल्हा केला तेव्हा त्याचे ठाणे सिरोंच्याला होते. १८७४ साली हा मुलूख चांदा जिल्ह्यात गेला, आणि १९८२ पासून तो गडचिरोलीत आहे. साग, मोह, तेंदू, बांबू यांचे हे रान. साहेबांनी इथे शिकारी केल्या. त्यांचे पाहून जमीनदारांनी, कंत्राटदारांनी, अंमलदारांनी केल्या. त्यांत आपलेही लोक होते. कुणाच्या जुन्या घरात भिंतीवर शिंगे दिसली की आम्हाला ते सारे आठवते.

अस्वलाच्या पहिल्या शिकारीचा बेत साधारण असा असे. हंगाम उन्हाळ्याचा, कारण मोह गळू लागला की अस्वल त्या झाडाखाली येणार हे ठरलेले. रात्र चांदणी निवडायची. मचाण वाऱ्याची दिशा पाहून बांधायचे. अस्वलाची नजर अधू, पण नाक फार तिखट. दिवसा जायचे तर हाका करायचा. दगडांच्या कपारीत, नाल्याच्या काठी झोपलेले जनावर उठवायला गावातली माणसे गोळा करायची. त्यांच्या हातात काठ्या, कुऱ्हाडी, वाजवायला डबे. बंदूक फक्त बसलेल्याच्या हातात. नव्या शिकाऱ्याचा हात थरथरणार, हे बेत आखणाऱ्याला ठाऊक असते. पहिला बार चुकला किंवा ओझरता लागला तर जखमी अस्वल ज्याच्या अंगावर जाईल तो माणूस मचाणावर बसलेला नसतो, हेही ठाऊक असते. अस्वल मारते ते तोंडावर. पंजाने चेहरा फाडते. म्हणजे एकाच्या हौसेचा धोका गावातल्या मजुराच्या तोंडावर ठेवूनच हा बेत पुरा होत असे. शिकारकथांत हाकेवाल्यांना क्वचितच नाव असते. या एका गोष्टीवरून त्या कथा वाचण्याची आमची गोडी गेली.

आता फिक्हचे काय म्हणणे आहे ते पाहू. हदीसच्या संग्रहांत शिकारीवर स्वतंत्र प्रकरण असते. तई कबिल्याचे अदी इब्न हातिम (रजि.) यांनी पैगंबरांना (स.) शिकारी कुत्र्यांबद्दल विचारलेले प्रश्न त्यात येतात. अल्लाहचे नाव घेऊन कुत्रा सोडला तर काय, त्याने शिकारीतले स्वतःच खाल्ले तर काय, दुसराच कुत्रा सामील झाला तर काय. नीट पाहिले तर या सगळ्या चौकशीचा रोख ताटाकडे आहे. हे खाऊ का, एवढेच त्या माणसाला विचारायचे आहे. आपल्याकडचे जुने शिकारीही चितळ-सांबराला गोळी लागली की जीव असेपर्यंत पोहोचून जबह करायला धावत, ते याच काळजीने.

अस्वलाच्या बाबतीत ही काळजीच उरत नाही. सुळे असलेले हिंस्र जनावर खाणे हनफी मतानुसार हराम आहे, आणि अस्वल त्यातच मोडते. घरात चूल पेटावी म्हणून अस्वल मारले, असे कुठलाही मुसलमान म्हणू शकत नाही. यावर जाणकार वाचक आम्हाला अडवतील, आणि त्यांनी अडवावेच. हनफी फिक्हमध्ये न खाण्याच्या जनावराचीही शिकार जायज धरली आहे. कातड्याचा उपयोग होतो म्हणून, किंवा त्याचा उपद्रव टळतो म्हणून. हे खरे आहे. पण त्या दोन्ही कारणांत गरज आहे. अंगावर पांघरायला कातडे लागत होते, कळपावर धाड पडत होती. दिवाणखान्यातल्या भिंतीला कातडे लागते, ही गरज कुठल्या फकिहाच्या मनात असेल असे आम्हाला वाटत नाही. उलट, विनाकारण मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी अल्लाहकडे फिर्याद करील, अशा अर्थाची हदीस आहे. सजीवाला नेमबाजीचे निशाण करू नये, हीही आहे. जाफरी फिक्हने तर आणखी बारीक विचार केला. मुसाफिराला नमाज कसर करण्याची सवलत असते. पण जो केवळ करमणुकीसाठी शिकारीला निघाला, त्याला ती सवलत नाही. जनावर अजून दिसलेले नाही, बार उडालेला नाही, आणि तरी त्याचा प्रवास वेगळा ठरला. बेताचा हिशेब इतका लवकर सुरू होतो.

कुरआन शरीफच्या सूरह माइदामध्ये इहराममधल्या शिकारीची बंदी आली आहे. तिथे सांगितले आहे की, हात आणि भाला पोहोचेल इतक्या जवळ शिकार आणून अल्लाह ईमानवाल्यांची परीक्षा घेईल. आम्हाला या आयतीचा फार विचार करावासा वाटतो. ज्याला जनावर मिळतच नाही त्याच्या संयमाचे काय कौतुक? परीक्षा आहे ती ज्याच्या टप्प्यात जनावर आले त्याची. आणि सूरह अनआममध्ये तर जमिनीवरचे प्राणी आणि उडणारे पक्षी ह्या तुमच्यासारख्याच उम्मती असल्याचे सांगितले आहे.

बादशाह जहांगीरने आपल्या शिकारीची मोजदाद करून आत्मचरित्रात लिहून ठेवली. एकूण २८,५३२ जनावरे, त्यांतली १७,१६७ स्वतःच्या हातची. पुढे नातू शुजा आजारी पडला तेव्हा त्याने मन्नत केली की, आपल्या हाताने कुठल्याही जिवाला इजा करणार नाही. नातू बरा झाला. काही वर्षे त्याने ती पाळलीही; मग शुजाचा बाप खुर्रम बंडावर उठला आणि बादशाहने पुन्हा बंदूक उचलली. रुसवा मुलावर, मार हरणांना! बल्खचे इब्राहीम इब्न अदहम यांची गोष्ट याहून वेगळी. शिकारीच्या पाठी घोडा टाकला असताना, तुला यासाठी निर्माण केले का, असा आवाज त्यांना आला आणि त्यांनी राज्यच सोडले, असे सूफी परंपरा सांगते.

कुणी म्हणेल, हा वाद आता कशाला? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली वाटही मिटली, अस्वल आज पहिल्या अनुसूचीत आहे. ठीक. पण कायदा सरहद्दीपाशी थांबतो. अमेरिकेत आणि कॅनडात काळ्या अस्वलाची शिकार आजही परवान्यावर होते. तिकडे नोकरीला गेलेला आपलाच एखादा मुलगा, सोबत्यांच्या नादाने, पहिल्या शिकारीचा बेत आखू लागला तर त्याला भारताचे कलम सांगून भागणार नाही. त्याला एवढेच विचारता येईल की, बाबा, हे जनावर तू खाणार नाहीस, त्याने तुझे काही बिघडवलेले नाही. मग तू कशासाठी निघाला आहेस? उत्तर त्याने आम्हाला देऊ नये. स्वतःला द्यावे.

अस्वल आणि मुसलमान म्हटले की कलंदर आठवतात, आणि तिथे आमची जीभ जरा अडखळते. आईला मारून पिल्लू आणायचे, तापल्या सळईने नाकाड भोसकून दोरी ओवायची, दात पाडायचे आणि गावोगाव नाचवायचे. हा जुलूमच होता, त्याला दुसरे नाव नाही. आग्र्याजवळ अशा अस्वलांसाठी आसरा उभा राहिला आणि २००९ च्या डिसेंबरात रस्त्यावरचे शेवटचे नाचते अस्वल सोडवले गेले, याचा आनंद आहे. पण कलंदराने ते पोटासाठी केले. त्याला आपण ‘मदारी’ म्हणून हिणवले, आणि भिंतीवर कातडे लावणाऱ्याला ‘खानसाहेब’ म्हटले. अस्वलाने या दोघांत काय फरक केला असता?

सिरोंच्याच्या रानात अस्वलाचा बेत आजही दरवर्षी आखावा लागतो. तो आखतात मोह वेचणाऱ्या बाया. फुले पहाटे गळतात. उशीर केला तर गुरे खातात, लवकर गेले तर झाडाखाली अस्वल असते. पोरे पाठीवर घेतलेली मादी असली तर ती पळत नाही, अंगावर येते. म्हणून कुणी एकटीने जायचे नाही, बोलत-खाकरत जायचे, उजाडायची वाट पाहायची, आणि अस्वल आधी आलेले असेल तर दूर थांबायचे. जीव वाचवताना अस्वल मेले तर कायदाही तो गुन्हा मानत नाही, ही गोष्ट त्यांतल्या बहुतेकींना कुणी सांगितलेली नसेल. त्यांच्या हातात टोपली असते. अस्वलाचे पोट भरले की ते निघून जाते आणि उरलेली फुले त्या वेचतात.