तीस वर्षांचे झाड आणि दोन एकरांचा धनी

म्हैसूर शहराच्या वायव्येस, कृष्णराजसागराच्या भिंतीपासून थोड्याच अंतरावर, बेळगोळ नावाचे गाव आहे. गोमटेश्वराचे श्रवणबेळगोळ ते निराळे, हे श्रीरंगपट्टण तालुक्यातले. कावेरीवरचा बलमुरीचा बंधारा येथून जवळ आहे, आणि १९११ साली सुरू होऊन पुढे दोन दशकांनी पुरे झालेले मोठे धरण उभे राहण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या आधीपासून असल्या बंधाऱ्यांच्या पाटांवर या मुलखात भात पिकत आला आहे. धरणामागून मंड्याचा साखर कारखाना १९३३ मध्ये निघाला, उसाचे क्षेत्र वाढले, आणि जमीन म्हणजे पाटाची पाळी हे समीकरण येथल्या शेतकऱ्याच्या मनात कायमचे पक्के झाले. अशा मुलखात, म्हणजे म्हैसूर, मंड्या व चामराजनगर या तीन जिल्ह्यांत, गेल्या काही दशकांत तेलताडाच्या बागा उभ्या राहिल्या आहेत. आणि ‘टिकाऊ शेती’ या आज सर्वतोमुखी झालेल्या शब्दाची कसोटी पाहायची तर ती बोर्निओच्या अरण्यात पाहण्यापेक्षा येथे, दोन-तीन एकरांच्या खातेदाराच्या बांधावर पाहावी, असे माझे मत आहे.

तेलताडाची आपल्या देशाला गरज नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. खाद्यतेलाची आपली निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागते आणि त्या आयातीत सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा असतो. सणासुदीच्या तळणीपासून बिस्किटे, फरसाण आणि साबणापर्यंत ते सर्वत्र शिरले आहे. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने निर्यात बंद केली, ती जेमतेम साडेतीन आठवडे टिकली, परंतु तेवढ्या अवधीत आपल्या स्वयंपाकघराची किल्ली कोणाच्या हाती आहे याचा प्रत्यय सर्वांस आला. केंद्र सरकारने त्याच्या आधीच्याच वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, ११,०४० कोटी रुपयांचे तेलताड अभियान मंजूर केले होते आणि साडेसहा लाख हेक्टर नव्या लागवडीचे लक्ष्य ठेवले होते.

हे झाड आपल्याकडे सर्वस्वी नवे आहे असेही नाही, आणि मराठी वाचकाला तर त्याची एक विस्मृत कथा मुद्दाम सांगितली पाहिजे. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन केली, आणि १९४७ ते १९५९ या काळात याच संस्थेने आफ्रिकेतील तेलताडाची रोपे पुण्याच्या परिसरात कालव्यांच्या काठांवर, परसबागांत आणि काही प्रमाणात वनजमिनींवर लावून पाहिली. त्या प्रयोगामागची दृष्टी मला आजही मोलाची वाटते. कालव्याच्या काठाची ओल आणि परसातले सांडपाणी, म्हणजे एरवी वाया जाणारे पाणी, या झाडाला द्यावे आणि मुख्य शेताला धक्का लावू नये, असा हिशेब त्या निवडीत दिसतो. पुढे केरळात सरकारी मळे झाले, लहान अंदमानात जंगल तोडून लागवड झाली आणि ती पुढे वाढू न देण्याचा शहाणपणा यथावकाश सुचला. १९९० च्या सुमारास आंध्र, कर्नाटक आणि आपल्या सिंधुदुर्गात प्रात्यक्षिक प्रकल्प निघाले, आणि मळेवाल्यांचे हे पीक भारतात लहान शेतकऱ्याचे पीक झाले. हा पालट मोठा आहे. कारण मळेवाल्यास जे सोसते ते खातेदारास सोसेलच असे नाही.

झाडाचा स्वभाव प्रथम पाहू. एकरी ५७ रोपे, नऊ-नऊ मीटरांवर, त्रिकोणी मांडणीने; पहिली तीन-चार वर्षे उत्पन्न नाही, त्या काळात मधल्या मोकळ्या जागेत केळी नाहीतर भाजीपाला; मग पंचवीस-तीस वर्षे बारमाही घड. घड पिकला की नाही हे रंगावरून पुरते कळत नाही. बुडाशी पाच-दहा सुटी फळे गळून पडलेली दिसली की तोडणारा समजतो. मग लांब दांड्याची छिन्नी, आणि झाड उंच झाल्यावर दांड्याला बांधलेला विळा, घडाखालची झावळी आधी उतरवतो आणि मागोमाग दहा-वीस किलोंचा काटेरी घड धपकन खाली येतो. बाया गवतातून सुटी फळे वेचतात. ती वेचणे कंटाळवाणे खरे, पण पूर्ण पिकलेले आणि तेलाने सर्वांत भरलेले फळ तेच असते. उतरवलेल्या झावळ्या दोन ओळींच्या मध्ये अंथरल्या तर वाफसा टिकतो आणि दोन-तीन वर्षांत मातीचा पोत बदलतो. ज्या बागेत त्या जाळल्या जातात त्या बागेच्या मालकाला टिकाऊपणावर व्याख्यान देण्यापूर्वी ही एक गोष्ट हात धरून शिकवावी.

आता पाण्याचा प्रश्न, जो कावेरीच्या काठी सर्व प्रश्नांचा प्रश्न आहे. भर उन्हाळ्यात एका झाडास दिवसाला दोनशे लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते. दोनशेच धरले तरी एकरी ११,४०० लिटर होतात. वर्षभर याच हिशेबाने द्यावे लागले तर ४१ लाख लिटरांहून अधिक, म्हणजे सबंध एकरावर सुमारे एक मीटर उंचीचे पाणी. पावसाचा वाटा वजा केला आणि ठिबक नीट चालवले, तर उसापेक्षा ही मागणी कमी ठरते, आणि म्हणून उसाच्या किंवा उन्हाळी भाताच्या जागी तेलताड आला तर पाण्याची बचत होते, असे त्याचे कैवारी सांगतात. त्यांचे गणित चुकीचे नाही, अपुरे आहे. भाताचा शेतकरी दुष्काळी साली पेरत नाही. त्याचे त्या हंगामाचे नुकसान होते, पण पुढच्या साली पाट वाहू लागताच तो पुन्हा उभा राहतो. तेलताडाला अशी सुटी घेता येत नाही. झाडाच्या पोटात जो पुष्पकोश तयार होत असतो तो नर व्हायचा की मादी, हे घड पिकण्याच्या सुमारे दोन वर्षे आधी ठरते, आणि त्या वेळी पाण्याचा ताण पडला तर नर कोश वाढतात व घड घटतात. २०२३ साली पाऊस फसला आणि कृष्णराजसागर भरले नाही. अशा सालाचा घाव तेलताडाच्या बागेत लागलीच दिसत नाही, तो दोन वर्षांनी, धरण तुडुंब भरलेले असतानाही, वजनकाट्यावर दिसतो. त्या वेळी दुष्काळाची आणेवारी, पंचनामे, तगाई-सवलती हे सारे दप्तरी दाखल होऊन बंद झालेले असते. पिकाच्या नुकसानीची आपली सगळी महसुली पद्धत हंगामी पिकाच्या मापाने बेतलेली आहे. दोन वर्षांनी उगवणाऱ्या नुकसानीसाठी तिच्यात रकानाच नाही.

दुसरा बंध कारखान्याचा. तोडलेला घड चोवीस तासांच्या आत गिरणीत पोचला पाहिजे, नाहीतर फळातले आम्ल वाढून तेलाची प्रत उतरते. म्हणून तेलताडाचा शेतकरी आपला माल ना साठवू शकतो ना लांबच्या बाजारी नेऊ शकतो. एकरी आठ टन उत्पन्न धरले तर दोन एकरांच्या धन्याला, दहा-बारा दिवसांच्या प्रत्येक तोडणीला, फार तर अर्धा टन माल मिळतो. त्याच्यासाठी स्वतंत्र वाहन परवडत नाही, गावचे संकलन केंद्र हाच त्याचा आधार. सरकारने एकेका कंपनीला क्षेत्र वाटून दिल्यामुळे गिरणीही एकच, घेणारा एकच. भावाचे म्हणाल तर २०२२ च्या उन्हाळ्यात तेलंगणात घडांचा टनाचा दर वीस हजारांच्या बराच पुढे गेला होता आणि वर्ष संपण्याआधी तो निम्म्याजवळ आला. हा चढउतार क्वालालंपूरच्या बाजारात ठरतो, येथल्या मेहनतीत नव्हे. २०२१ च्या अभियानाने यावर तजवीज केली आहे: मागील पाच वर्षांच्या सरासरीवर, महागाई हिशेबात धरून एक भाव ठरवायचा आणि बाजार त्याखाली गेला तर तूट सरकारने शेतकऱ्याच्या खात्यात भरायची. ही तरतूद मनापासून स्वागतार्ह आहे. परंतु तिची मुदत २०३७ पर्यंत आहे, आणि आज लावलेले झाड त्या साली नुकते ऐन भरात आलेले असेल.

परदेशी संस्थांनी टिकाऊ पामतेलाचे दाखले देण्याची प्रथा २००४ नंतर रूढ केली. जंगल तोडू नये, पीट जमीन जाळू नये, मजुरांस योग्य वेतन द्यावे, ही त्यांची कलमे न्याय्य आहेत, आणि मिझोरामच्या डोंगरउतारांवर लागवडीची घाई चालली असता ती कोणीही दुर्लक्षू नयेत. कावेरीच्या लाभक्षेत्रात मात्र ज्या जमिनीवर शतकानुशतके भात झाला तेथे तोडायला जंगलच नाही. येथे टिकाऊपणाचा प्रश्न झाडाला वाचवण्याचा नसून झाड लावणाऱ्याला वाचवण्याचा आहे. आणि त्याचे उत्तर दाखल्यात नाही, करारनाम्यात आहे. कालव्याच्या पाण्याची खात्री असलेल्या जमिनीवरच, आणि तीही खातेदाराच्या सबंध जमिनीवर नव्हे तर एका भागावर, लागवडीस उत्तेजन द्यावे. बोअरवेलच्या भरवशावर कोरडवाहू रानात हे झाड लावण्यास अनुदान देणे म्हणजे शेतकऱ्याच्या गळ्यात दुहेरी कर्ज बांधणे होय.

आणि गिरणीच्या मालकीचा विचार झाला पाहिजे. बारा महिन्यांच्या उसालाही तोडीनंतर घाई असते, त्यालाही एकच गिऱ्हाईक असते. हा पेच ओळखूनच विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साहाय्याने प्रवरानगरचा कारखाना शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा केला आणि १९५० मध्ये त्याची चाके फिरू लागली. सहकारात पुढे काय काय शिरले हे आपण जाणतो, तरीही मूळ विचाराला त्याने बाध येत नाही. उसाचा शेतकरी न पटल्यास वर्षाने पीक बदलू शकतो. तेलताडाचा शेतकरी तीस वर्षे बांधला जातो, म्हणून गिरणीत भाग मागण्याचा त्याचा हक्क अधिक बळकट आहे. तेलंगणात अश्वारावपेटची गिरणी तेलबिया उत्पादकांचा सहकारी महासंघ चालवतो, तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. कर्नाटकातील नव्या क्षेत्रवाटपाच्या वेळी कंपनीशी जे करार होतील त्यांत निदान तीन कलमे मला हवी आहेत: गिरणीच्या भांडवलातील ठरावीक हिस्सा उत्पादकांसाठी राखून ठेवावा, तेलाचा उतारा मोजताना शेतकऱ्यांचा प्रतिनिधी हजर असावा, आणि कालवा बंद राहिलेल्या सालानंतर दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी घटलेल्या वजनाची भरपाई देण्यासाठी गिरणी आणि सरकार यांनी मिळून एक राखीव निधी प्रत्येक टनामागे बाजूला काढावा, ज्याचा हिशेब दरसाल गावच्या संकलन केंद्रावर कन्नडमध्ये लिहून लावला जाईल.