नाबोथाचा मळा आणि कोयनेचे खोरे

जुन्या करारातील नाबोथाची कथा (१ राजे, अध्याय २१) आपल्या परिचयाची आहे. ईजबेल राणीने रचलेले कुभांड, नाबोथाची झालेली हत्या आणि एलिया संदेष्ट्याने अहाब राजाला सुनावलेले खडे बोल आपल्या स्मरणात राहतात. कथेचा आरंभ मात्र आपण घाईने ओलांडतो. अहाबाने आधी जबरदस्ती केली नव्हती. राजवाड्यालगतच्या द्राक्षमळ्याच्या बदल्यात त्याने नाबोथाला अधिक चांगला मळा देऊ केला. तो नको असेल तर रोख मोल. आजच्या भाषेत हा पुनर्वसनाचा प्रस्ताव होता, आणि व्यवहार म्हणून तो वाजवीच होता. नाबोथाने तो नाकारला, कारण मळा वाडवडिलांचे वतन होता. वाजवी मोबदला नाकारण्याचा नैतिक अधिकार त्याला होता काय?

सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या खोऱ्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना दोन डोंगररांगांमधून दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेस वळून कराडला कृष्णेला मिळते. जावळी आणि पाटण तालुक्यांतील हे खोरे पावसाळ्यात जगापासून जवळजवळ तुटलेले असे. खाचरांत भात, उतारावर नाचणी आणि वरी. एक तुकडा काही वर्षे कसायचा, मग तो रानाच्या स्वाधीन करून दुसरीकडे वळायचे. वर सड्यांवर गवळी धनगरांच्या विखुरलेल्या वस्त्या आणि त्यांच्या म्हशी. गावाजवळ देवराई. तिच्यातली वाळकी काटकीही चुलीसाठी न्यायची नाही, हा दंडक. त्याला कोणी अंधश्रद्धा म्हणेल. मला त्यात एक खोल जाणीव दिसते: सृष्टीतले सर्वच काही आपल्या उपयोगासाठी नाही. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात भूमी परमेश्वराची आणि आपण तिच्यावरचे उपरे, असे जे सांगितले आहे, त्याच्या जवळ जाणारी ही जाणीव आहे.

या जीवनाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. आजारी माणसाला झोळीत घालून डोंगर उतरावा लागे, आणि जातीपातीच्या भिंती तिथेही होत्याच. खोरे पूर्णपणे एकाकीही नव्हते. घरटी कोणी ना कोणी मुंबईला गोदीत, बाजारात ओझी वाहायला जाई. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्याचेच. पण पाठीवर ओझे वाहणाऱ्या त्या माणसाला परत येण्यासाठी एक गाव होते.

१९५०च्या दशकात धरणाचे काम सुरू झाले आणि १९६०च्या दशकात शिवसागराचे पाणी खोऱ्यात चढले. गावे सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी विखुरली. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली. म्हणजे नाबोथाला निदान आधी विचारले गेले होते. कोयनेच्या माणसांना हक्काने पुनर्वसन मागता येईल असा कायदाही तेव्हा नव्हता. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले, तेव्हा उरल्यासुरल्या गावांवरही घाला आला. त्याच वर्षी मार्चमध्ये सहावे पोप पॉल यांनी ‘पोपुलोरुम प्रोग्रेस्सिओ’ या विश्वपत्रात बजावले होते की, खरा विकास प्रत्येक माणसाचा आणि संपूर्ण माणसाचा असतो.

पाण्यानंतर रान आले. १९८५ साली कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये झाली. सांगलीच्या शिराळा तालुक्यात वारणेच्या खोऱ्यातील चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने ही वने जागतिक वारशात गणली. वाघाचा यात काही दोष नाही. परंतु ज्यांच्या देवरायांनी रानाचा एक हिस्सा तरी राखला, त्यांनाच रानासाठी उठावे लागले, हे मनाला बोचते.

यावर ‘सार्वजनिक हित’ हे उत्तर ठरलेले असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘गौदियुम एत् स्पेस’मध्ये सार्वहिताची जी व्याख्या केली, तीत व्यक्तींबरोबर समूहांनाही आपली पूर्णता गाठता यावी, अशी अट आहे. बहुसंख्यांचा लाभ आणि सार्वहित ही एक गोष्ट नव्हे. ज्या बेरजेतून काही माणसे आधीच वजा केली, ती सर्वांची बेरीज कशी? ‘लाउदातो सी’ (२०१५, परिच्छेद १४६) या विश्वपत्रात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी आदिम समूहांविषयी म्हटले की, त्यांना भूमी हा क्रयविक्रयाचा माल वाटत नाही. देवाचे आणि तिथे विसावलेल्या पूर्वजांचे ते देणे असते. हे नाबोथाचेच म्हणणे होय.

मग धरण बांधूच नये काय? असे मी म्हणणार नाही. कोयनेची वीज महाराष्ट्राच्या कारखान्यांत आणि घरांत पोहोचली; हा लेख वाचताना डोक्यावर जळणारा दिवा त्याच जाळ्यावरचा असू शकेल. आपल्या वाड्या-शेते राखण्यासाठी चळवळ केलेल्या वसईकरांना नाबोथ चटकन कळतो. विजेचे बटण दाबताना मात्र आपण अहाबाच्या बाजूला उभे असतो. माझे म्हणणे इतकेच की, अशा वेळी दिला जातो तो मोबदला नसून कर्जाचा हप्ता असतो. किंमत चुकती केली की नाते संपते. ज्याचे मोल होऊच शकत नाही ते कोणी आपल्यासाठी सोडले, तर नाते तिथून सुरू होते, आणि ते पुढच्या पिढ्यांनाही बांधून ठेवते.

२०१८ साली श्रमिक मुक्ती दल आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली कोयनेच्या धरणग्रस्तांनी कोयनानगर येथे ठिय्या दिला. पाणी अडवल्याला तेव्हा अर्धशतक उलटले होते. बुडालेले गाव ज्यांनी पाहिलेच नाही अशी पिढी तोवर वाढली होती, आणि मागणी अजून पर्यायी जमिनीचीच होती.