अक्की लिहिणं

तमिळमध्ये नागिणीला 'अक्की' म्हणतात, आणि अक्की झाली की ती कुंभाराकडून 'लिहून' घ्यायची रीत आहे. कुंभार काव पाण्यात कालवून फोडांवर रेखाटतो. क्रियापद अगदी लिहिण्याचंच: अक्की एळुदुदल. अंबत्तूरच्या ओरगडममध्ये (कारखान्यांचं, श्रीपेरुंबुदूरजवळचं, ते दुसरं) राहायला आले त्या वर्षी हा प्रयोग मी वहीत टिपून ठेवला. असे शब्द सापडले की भाषांतरकाराला आनंद होतो. तो आनंद अगदीच निष्पाप नसतो.

दोन वर्षांपूर्वी घरमालकीणबाईंच्या उजव्या कुशीवर फोड उठले. त्यांना मी अम्मा म्हणते. वय सत्तरीचं, मधुमेह जुना. त्यांनी पदर सारून दाखवलं तेव्हा मला आधी आजीचं बोलणं आठवलं: नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो. मग वाचलेलं आठवलं. कांजिण्या होऊन गेलेल्या कुणालाही नागीण होऊ शकते. तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी पन्नास-साठ वर्षंही पडून राहतो आणि वयाने, आजाराने प्रतिकारशक्ती खालावली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. डाव्या-उजव्या अंगाचे मज्जातंतू वेगवेगळे, म्हणून विळखा सहसा पुरा होतच नाही. भ्यायचं ते घड्याळाला: विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या.

"उद्या जाऊन लिहून घेते," अम्मा म्हणाल्या. मी मान हलवली.

मला वाटलं, मी त्यांच्या रीतीचा मान राखतेय. उपदेश करणारी उत्तरेकडची बाई मला व्हायचं नव्हतं. (इथे मराठी माणूसही उत्तरेकडचाच.) पण माझी आई अशी मांत्रिकाकडे निघाली असती, तर मी भांडून तिला रिक्षात बसवलं असतं. अम्मांशी भांडायची माझी तयारी नव्हती, आणि त्यालाच मी आदर म्हणत होते. कुंभारावर माझा राग नाही. कावेच्या गारव्याने त्यांना त्या रात्री झोप लागली. तिथे जाऊन मग दवाखान्यातही जाता आलं असतं. एवढं एक वाक्य बोलण्यापुरतं तमिळ मला येत होतं.

पाचव्या दिवशी मुलाने त्यांना डॉक्टरकडे नेलं. फोड सुकले, दुखणं राहिलं. म्हातारपणी ते महिनोन्महिने राहू शकतं, कधी गोळ्या वेळेत घेऊनसुद्धा. त्यामुळे दोष माझा, असं कुणाला सिद्ध करता येणार नाही. ही पळवाट मी बऱ्याचदा वापरून पाहिली आहे. अम्मांना अजून साडीची कड घासली तरी कळ येते.

परवा त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?"

मी सांगितलं, सापाची मादी. त्या हसल्या.

"आणि तुमच्याकडे काय करतात?"

"आता डॉक्टरकडे नेतात, अम्मा."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"